आमच्या अंकाचा पहिला आकडा

निवृत्त होऊन दोन महिने झाले नाहीत तोच बायकोने माझ्यापुढे हात जोडले. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीचा माणूस. गाड्यांचे सुटे भाग तपासणे, मोजणे, पास करणे, नाही तर परत पाठवणे, यात उभं आयुष्य गेलेलं. घरी बसल्यावर ती सवय जाणार कुठे? कुकरची पहिली शिट्टी आणि दुसरी शिट्टी यांच्यात रोज वेगळा वेळ का लागतो, हे मी तिला विचारलं, तेव्हा तिचा संयम संपला.

"अहो, तुमचं हे ऑडिट दुसऱ्या कुणाच्या तरी घरी करा," ती म्हणाली.

दुसरं घर निघालं आमच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला वर. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत एक बाई राहतात, पुण्याच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. तोवर आमची ओळख लिफ्टपुरती. एके सकाळी लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "तुम्हाला एक्सेल चांगलं येतं ना? चार दिवस मदत कराल?"

त्या चार दिवसांतून मी अजून बाहेर आलेलो नाही.

मॅडम एका भूशास्त्राच्या जर्नलच्या संपादक आहेत. भूशास्त्रज्ञांची एक लहानशी संस्था आहे, ती हे जर्नल काढते, तीन महिन्यांतून एकदा. सगळं काम हौसेनं, बिनपगारी. पत्रव्यवहार सांभाळणारे एक गृहस्थ होते, ते मुलीकडे नागपूरला राहायला गेले आणि कामाचा डोंगर मॅडमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. मला भूशास्त्रातलं शून्य कळत होतं. काळा दगड आणि पांढरा दगड, इतकंच. पण त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण समोर होती अडकलेल्या मालाची यादी!

त्यांच्याकडे काम असं चालतं. कुणीतरी संशोधक पेपर लिहून पाठवतो. मॅडम तो वाचतात आणि त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे तपासायला देतात. त्यांना परीक्षक म्हणतात. परीक्षक सांगतात, छापा, किंवा दुरुस्त करून आणा, किंवा नको. बस्स. कारखान्यात याला आम्ही इन्स्पेक्शन म्हणायचो. फरक एवढाच, की इथले काही पेपर वर्ष उलटून गेलं तरी तपासणीतच पडून होते.

"मॅडम, आमच्याकडे एखादा पार्ट इतका वेळ अडकला असता तर लाईन बंद पडली असती."

"आमची लाईन खडकांची आहे," त्या हसून म्हणाल्या. "खडकांना घाई नसते."

"खडकांना नसेल. पाठवणाऱ्याला असेल ना?"

त्यांनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "आहे. कुणाची पीएचडी अडकते, कुणाची बढती."

मी फोन उचलला. परीक्षकांना ईमेलची सवय; महिनोन्महिने आलेल्या ईमेलकडे पाठ फिरवण्याचीही सवय. पण फोन वाजला की माणूस दचकतो. मी नम्रपणे विचारायचो, "सर, पेपर वाचायला सवड नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसऱ्यांना देतो." बहुतेक जण ओशाळून म्हणायचे, "नाही नाही, देतो मी." आणि खरंच द्यायचे. एका सरांनी तर विचारलं, "तुम्ही नवीन आलात का? याआधी कुठे होतात?" मी म्हणालो, "ब्रेकच्या पार्टमध्ये." त्यांचा शेरा दुसऱ्याच दिवशी आला.

आमच्या हॉलमध्ये मी एक पांढरा बोर्ड लावला, कारखान्यात असतो तसा. किती पेपर आले, किती तपासणीत आहेत, पहिला निर्णय द्यायला किती वेळ लागला. ती तिसरी ओळ दर महिन्याला खाली येऊ लागली तसा मी बायकोला दाखवायचो. ती कौतुकाने बघायची. कुकर तिच्या ताब्यात परत गेला होता.

मग एक दिवस मला धक्काच बसला. दुसऱ्या एका मोठ्या जर्नलची माहिती मॅडम मला दाखवत होत्या. त्यात अभिमानाने लिहिलं होतं की आलेल्या पेपरांपैकी फार थोडे आम्ही स्वीकारतो.

"हे लपवायचं सोडून छापतात?" मी विचारलं. "आमच्याकडे रिजेक्शन वाढलं की साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं यायचं!"

"इथे वाढलं की मान वाढतो."

हे पचायला मला वेळ लागला. पण त्याच आठवड्यात मॅडमनी माझ्यासमोर एक पेपर परत पाठवला, परीक्षकांकडे न देताच. उपग्रहाच्या चित्रांवरून शहरातली वाहनांची गर्दी ओळखायची, असा काहीतरी विषय होता. देखणा पेपर, रंगीत आकृत्या. मी हळहळलो. दारात आलेला माल असा परत?

"आपला नाही तो," मॅडम म्हणाल्या. "आपलं जर्नल कशाचं आहे? दख्खनचा खडक, त्या खडकातलं पाणी आणि त्या खडकावरची माती. एवढंच. वाचकाला अंक न उघडता कळलं पाहिजे की आत काय असणार."

"पण असल्या पेपरांना मागणी असते. चार लोक जास्त वाचतील."

"वाचतील. आणि मग आपले लोक वाचायचे थांबतील."

मला अर्धंच पटलं. बाकीचं अर्धं पटायला पुढची हकिकत घडावी लागली.

तोवर मला इम्पॅक्ट फॅक्टर नावाचा प्रकार कळला होता. जो तो फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, "तुमचा फॅक्टर किती?" मॅडमनी समजावलं. एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत जे पेपर छापले, त्यांचा उल्लेख यंदा इतर संशोधकांनी आपापल्या पेपरांत किती वेळा केला, ते मोजायचं. त्याला छापलेल्या पेपरांच्या संख्येने भागायचं. जो आकडा येतो तो त्या जर्नलचा फॅक्टर. परदेशातली एक कंपनी जगभरच्या जर्नलांची यादी ठेवते. यादीत असाल तर आकडा मिळतो. आम्ही यादीत नव्हतो. आकडा नाही म्हणून चांगले पेपर दुसरीकडे जायचे, आणि चांगले पेपर नाहीत म्हणून आकड्याची आशा नाही.

"आणि तो आकडा तरी आमच्या विषयाला कुठे न्याय देतो?" मॅडम उसळून म्हणाल्या. "दोन वर्षांची खिडकी! भूशास्त्रातला पेपर हळू पिकतो हो. आमच्या जुन्या अंकांतले पेपर लोक अजून वापरतात. माझ्या गुरूंनी काढलेला नकाशा आजही कुणी ना कुणी पुढे ठेवून बसलेलं असतं. त्याची मोजदाद त्या आकड्यात नाही."

पण मी त्या यादीत जाण्याचे नियम वाचत होतो, आणि एकेक ओळ मला ओळखीची वाटत होती. अंक वेळेवर निघतो का? जे छापू म्हणता तेच छापता का? परीक्षक खरे आहेत का? निर्णय कोण आणि कसा घेतं?

"मॅडम! हे तर ऑडिट आहे!"

"मग?"

"मग काय! ऑडिटला मी घाबरत नाही. ऑडिटर मला घाबरायचे!"

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की खालून माझ्या बायकोने फोन करून विचारलं, काय झालं.

नियमांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रश्नाशी मी थबकलो होतो. जे छापू म्हणता तेच छापता का? म्हणजे तो रहदारीचा पेपर घेतला असता तर इथे आमच्यावर शेरा आला असता. मी मॅडमना काही बोललो नाही. बोर्डावर मात्र एक नवी ओळ लिहिली: 'आपला नाही.' आणि त्यापुढे आनंदाने आकडा टाकत गेलो.

अर्ज करायच्या आधी संपादक मंडळाची ऑनलाइन बैठक झाली. मीही कोपऱ्यात होतो. मंडळातल्या एकांनी सुचवलं की इथून पुढे प्रत्येक लेखकाला सांगू, आपल्याच जर्नलमधल्या चार-पाच पेपरांचा उल्लेख कर, मगच छापू. म्हणजे आकडा आपोआप वाढेल. सगळेच करतात, ते म्हणाले.

मॅडम शोधत होत्या की कोणत्या शब्दांत नाही म्हणावं. मला राहवलं नाही.

"सर, पार्ट बसत नाही म्हणून तो मोजायचं गेजच घासल्यासारखं होईल ते," मी म्हणालो. "त्या दिवशी पार्ट पास होतो. नंतर गाडी रस्त्यावर जाते."

"तुम्ही भूशास्त्रातले नाही," ते जरा रागाने म्हणाले.

"मोजमापातले आहेत," मॅडम म्हणाल्या. "आणि मुद्दा मोजमापाचाच आहे." विषय तिथे संपला. आम्ही आहे तसा अर्ज केला.

याच सुमारास एक पेपर आला. खेड तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवणारी एक तरुण प्राध्यापिका, तिचा पहिलाच पेपर. चाकणच्या कारखान्यांच्या अधेमधे ज्या जुन्या विहिरी शिल्लक आहेत, त्या तिने पालथ्या घातल्या होत्या. तिचं म्हणणं असं, की इथल्या खडकात एक तांबडा थर आहे, तो पाणी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे काही विहिरींना त्या थराच्या वर झरे आहेत आणि खाली खोल खणूनही कोरडं आहे. विषय नेमका आमचा. मॅडम वाचतानाच खुर्चीत पुढे सरकल्या. पण एका परीक्षकाने लिहिलं, 'दावा मोठा, पुरावा कमी. छायाचित्रांत थर दिसतो, झरा दिसत नाही. मापही नाही.'

मुलगी फोनवर रडकुंडीला आली. म्हणाली, "मॅडम, झरा आहे हो! मी डोळ्यांनी पाहिलाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतो. पण मी फोटो काढायला गेले तेव्हा विहीर भरलेली होती."

"आता उन्हाळाच आहे," मी मध्येच बोललो. "जाऊन बघूया की!"

मॅडमनी माझ्याकडे कडक पाहिलं. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "संपादक लेखकाचा पुरावा गोळा करायला जात नाही." मग गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "या पेपरचा निर्णय मंडळातल्या दुसऱ्या कुणाकडे देते. मी त्यातून बाहेर. आणि मग मला एक विहीर बघायची आहे. त्याला कोण अडवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. नाशिक फाटा, भोसरी, मोशी. या रस्त्याने मी किती वर्षं कंपनीच्या बसने गेलो, बहुधा डोळे मिटून. त्या दिवशी मॅडम शेजारी बसून बोट दाखवत होत्या. "ते बघा, रस्त्यासाठी टेकडी कापलीय ना, त्यात आडव्या रेषा दिसतात? प्रत्येक रेष म्हणजे लाव्हाचा एक लोट." मी मागून हॉर्न वाजवणाऱ्या कंटेनरवाल्याला हात दाखवून गाडी कडेला घेतली आणि उतरून बघितलं. खरंच, रेषा होत्या! कायमच्या तिथेच असणार.

चाकणच्या तळेगाव चौकात ती मुलगी स्कूटरवर वाट बघत उभी होती, पाठीवर सॅक, सॅकमध्ये हातोडा. तिच्या मागोमाग आम्ही म्हाळुंग्याकडे वळलो. दोन कारखान्यांच्या भिंतींमधून एक कच्ची वाट आत जात होती आणि तिच्या टोकाला विहीर. मालक गावातले जुने शेतकरी. बाकीची जमीन गेली, त्यावर गोडाऊन उभी राहिली, विहिरीभोवतीचा तुकडा तेवढा ठेवलेला. ते आम्हाला बघून पुढे आले.

"हीर बघायला आलाय व्हय? आता पानी न्हाई राव. पार खाली गेलंय."

"म्हणूनच आलोय, काका," मुलगी म्हणाली.

मी कठड्यावरून वाकलो. वर पिवळट मुरूम, त्याखाली राखाडी खडक, आणि मग हातभर रुंदीचा, विहिरीच्या चारी बाजूंनी फिरणारा, विटेसारखा तांबडा पट्टा! त्याखाली पुन्हा काळा, गुळगुळीत पाषाण. आणि त्या तांबड्या पट्ट्याच्या बरोबर वरच्या कडेला, ऊन पडलं होतं तिथे, ओल चकाकत होती. थेंब जमत होते, पट्ट्यावरून घरंगळत होते.

"झरा!" मुलगी ओरडली. "मॅडम, झरा! दिसतोय ना तुम्हाला?"

"दिसतोय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला दुखलं.

विहिरीला लोखंडी पायऱ्या होत्या. मुलगी कॅमेरा घेऊन उतरली. मी मागोमाग. बायकोने पाहिलं असतं तर जन्मभर बोलली असती. मॅडम वरून ओरडल्या, "फोटोत माप हवं हां! मापाशिवाय फोटो नको!" मला काय सांगता! मी खिशातून माझी स्टीलची पट्टी काढली, कंपनीच्या दिवसांपासून सोबत असलेली, आणि थराला टेकवून धरली. मुलीने फोटोंवर फोटो काढले.

मग मी त्या थराला हात लावला. खडक वाटला होता, पण बोटांनी भुगा सुटला. बोटं लाल झाली.

"मॅडम, ही तर माती आहे!" मी वर ओरडलो.

"मातीच आहे!" त्या वरून ओरडल्या. "खालचा काळा खडक म्हणजे एक लोट. तो थंड झाला, आणि मग पुष्कळ काळ काहीच झालं नाही. ऊनपाऊस खाऊन त्याची माती झाली. त्यावर काही उगवलंही असेल. मग वरून दुसरा लोट आला आणि ती माती भाजून निघाली, भट्टीतल्या विटेसारखी. साडेसहा कोटी वर्षं झाली त्याला!"

मी पायरीवर तसाच उभा राहिलो. पायाखाली एक लाव्हा, डोक्यावर दुसरा, आणि मधे माझ्या लाल बोटांत त्या दोघांच्या मधला शांत काळ. भिंतीपलीकडच्या कारखान्यात शिफ्टचा भोंगा वाजला. मला एवढा आनंद झाला होता की मी त्या मुलीला विचारलं, "हे सगळ्यांना माहीत का नाही?"

"म्हणून तर लिहिलंय, सर," ती म्हणाली.

वर आल्यावर मालकांनी चहा पाजला. माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "आमचा आज्जा ही हीर खांदताना तांबडं लागल्यावर थांबला व्हता. लोक म्हनायचे, अजून खाली जा. त्यो न्हाई गेला." मग मुलीकडे वळून जरा लाजत विचारलं, "तुमच्या पुस्तकात आमच्या हिरीचा फोटो येनार का?"

"परीक्षकांनी हो म्हटलं तर येणार, काका."

"त्यास्नी म्हनावं, शंका आसंल तर हितं या. आमी हाय की."

परीक्षकांनी हो म्हटलं. नव्या फोटोंवर त्यांचा शेरा एका ओळीचा होता: 'आता पटलं.' तो पेपर अंकात आला, विहिरीचं चित्र अर्ध्या पानावर, त्यात माझी पट्टी आणि पट्टी धरलेला माझा अंगठा. आम्ही तिघं छापील अंक घेऊन म्हाळुंग्याला गेलो. मालकांनी तो हातात धरला, उलटसुलट करून पाहिला, इंग्रजी सोडून सरळ फोटोवर गेले आणि गोडाऊनवर माल उतरवणाऱ्या सगळ्यांना हाका मारल्या. टेंपोवाले, हमाल, वॉचमन, सगळे गोळा झाले. "आमची हीर," ते प्रत्येकाला सांगत होते.

यादीच्या कंपनीचं उत्तर आलं ते एका दुपारी. मॅडम जिन्यानेच धावत खाली आल्या, लिफ्टची वाट न बघता. दारातच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. आम्हाला घेतलं होतं! बायकोने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग विचारलं, "म्हणजे नक्की काय झालं?" मी तिला समजावायला लागलो, ती म्हणाली, "राहू द्या, तुमचं तोंड बघूनच कळलं."

पहिला आकडा त्यानंतरच्या जूनमध्ये आला. एकाच्याही आतला. शून्य, टिंब आणि पुढे एक अंक. मी थेरगावला डांगे चौकातून पेढे आणले आणि सोसायटीत वाटले. खालचे एक आयटीवाले भाऊ म्हणाले, "अंकल, शून्याला पेढे?" मी म्हणालो, "शून्याला नाही, टिंबाच्या पुढच्याला!" कारखान्यात मी मोठमोठ्या टक्केवाऱ्या पाहिल्या आहेत. एकही मला अशी गोड लागली नव्हती. हा आकडा न घासलेल्या गेजने मोजलेला होता.

मॅडमनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "याला फार डोक्यावर घेऊ नका." मग आणखी एक घेतला.

गेल्या महिन्यात दुपारी त्या मुलीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण मॅडम आमच्याच हॉलमध्ये समोर बसल्या होत्या. ती इतकी भरभर बोलत होती की पहिली दोन वाक्यं कळलीच नाहीत. कळलं ते असं: इथिओपियातल्या एका संशोधकाने आपल्या पेपरमध्ये तिच्या विहिरींचा संदर्भ दिला होता. त्यांच्याकडेही असाच लाव्हाचा खडक आहे, त्यांच्याकडेही तांबडे थर आहेत, आणि त्यांनाही पाण्याचा तोच प्रश्न पडलाय.

"मॅडम, त्यांनी म्हाळुंगे लिहिलंय! स्पेलिंग चुकलंय, पण लिहिलंय!"

मॅडम उठून उभ्याच राहिल्या. मला वाटलं त्या रडणार. पण त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या माणसाचा ईमेल काढा बरं. तांबड्या थराचं कळणारा माणूस आहे. आपल्याला परीक्षक हवाच होता."

"ईमेल कशाला?" मी म्हणालो. "फोन नंबर मिळतो का बघतो."

"मराठीत बोलणार का त्याच्याशी?" आतून बायकोने विचारलं.

मुलगी फोनवर हसत सुटली. मी लॅपटॉप उघडला आणि त्या गृहस्थांचं नाव कसं उच्चारायचं ते शोधायला लागलो.